वरूड की पिपरी

वर्ध्यात विकत घ्यायला पाहिलेलं सिंदी मेघेचं घर शालूनंच बाद करून टाकलं, आणि तेही असं की कोणाला तिच्यावर बोट ठेवता येऊ नये.

"घर चांगलं आहे गा अंकुश," ती ओट्यावर उभी राहून भावाला म्हणाली, "पण इथं उन्हाळ्यात नळाले थेंब येत नाई. आईले घेऊन राहाचं म्हणता, अन् टँकरच्या मांगं बकिटा घेऊन धावणार हाये का तुम्ही?"

तिचं स्वतःचं सासर तिथून दोन गल्ल्या सोडून होतं. तिच्या घरी पाणी कुठून येतं, हे कोणी विचारलं नाही. वच्छलाबाई भाड्याच्या गाडीतून उतरल्याच नव्हत्या. पायांवर सूज होती, आणि चढ-उतार केली की दम लागायचा. त्यांनी खिडकीतूनच लेकीकडे एकवार पाहिलं आणि मान वळवून म्हणाल्या, "चाल मंग. पुढचं पाहू."

मागच्या सीटवर बसलेल्या थोरल्या सुनेला, नलूला, सगळं समजलं. माहेर दोन गल्ल्यांवर आलं की आईचं उठणं-बसणं, औषधं, डब्बे, सगळं हळूहळू लेकीच्या अंगावर येणार. शालूनं आपलं अंग आधीच काढून घेतलं होतं. नलूला तिचा राग आला नाही. प्रत्येकाला आपापलं दार सांभाळावंच लागतं, असं तिला वाटलं.

दिवाळीच्या सुमाराला वच्छलाबाईंचं डायलिसिस सुरू झालं, तेव्हापासून घराची घडीच विस्कटली होती. आठवड्यातून तीनदा गावाहून देवळी, देवळीहून वर्धा, वर्ध्याहून सेवाग्राम. परत येईपर्यंत म्हातारी पिळून काढलेल्या लुगड्यासारखी व्हायची. एकदा गाडीच मिळाली नाही, खेप चुकली, आणि दुसऱ्या दिवशी त्यांना श्वास घेता येईना. त्या दिवशी सासऱ्यांनी, मनोहररावांनी, ज्यांनी वावर सोडून दुसरीकडे कधी चार दिवस काढले नव्हते त्यांनी, ओसरीवर बसून सांगितलं, "बस झालं. वर्ध्याले जाऊ सारे."

सारे, असंच म्हणाले होते ते. नलूनं स्वतःच्या कानानं ऐकलं होतं.

त्या एका शब्दावर ती महिनाभर निश्चिंत होती. देवानंद, तिचा नवरा, मोटर सुरू करायला गेला आणि शॉक लागून तिथेच पडला, तेव्हा गुंजन पाच वर्षांची होती. आता ती कॉलेजात जाण्याच्या वयाची झाली. एवढ्या वर्षांत वावरातली वांगी, फुलकोबी, पालक, सांबार म्हणजेच कोथिंबीर, सगळं नलूच्या हाताखालून गेलं होतं. बियाणं कोणतं आणायचं, पाणी कधी द्यायचं, कोणत्या बाईला रोजानं बोलवायचं, हे तीच ठरवायची. देवळीच्या बाजारात अडते तिला नावानं ओळखत. मनोहरराव वावरातलं काहीही तिला विचारल्याशिवाय करत नसत. घरात हे सगळ्यांना माहीत होतं: नलूनं म्हटलं तर म्हातारा ऐकतो.

म्हणूनच आज तिची जाऊ, मोहिनी, मागच्या सीटवर तिच्याशेजारी येऊन बसली होती. एरवी ती अंकुशजवळ पुढे बसायची.

*

वरूडचं घर जुनं होतं. सेवाग्रामच्या दवाखान्यापासून हाकेच्या अंतरावर. मालक निवृत्त होऊन मुलाकडे पुण्याला निघाला होता. समोर दोन खोल्या, एक लांबट सैपाकघर, आणि मागे परसासारखी चांगली ऐसपैस सांदवाडी. सांदवाडीत कठडा बांधलेली विहीर, शेवग्याचं झाड, आणि भिंतीला लागून दोन लहान खोल्या. त्यांना वेगळं दार होतं. कधी काळी तिथे शिकणारी पोरं भाड्यानं राहायची.

मनोहररावांनी चप्पल काढली. अंगठ्यानं माती उकरली, वाकून चिमूटभर उचलली आणि बोटांत चुरून पाहिली.

"काळी हाय," ते म्हणाले. "काहीही लागन इथं."

"आबाजी, आपण घर पाहून राह्यलो का वावर?" गुंजन हसून म्हणाली. मोहिनीची दहा वर्षांची काजलही हसली.

म्हातारा हसला नाही. तो त्या मागच्या दोन खोल्यांत गेला. कडी लावून पाहिली, उघडून पाहिली. छताकडे पाहिलं. मालकाला विचारलं, "इथं नळ वेगळा हाय का? अन् चूल मांडली तं धूर कुठून जाते?"

मालकानं खिडकी दाखवली. मनोहरराव बराच वेळ तिथे उभे राहिले. नलूला वाटलं, भाडेकरू ठेवायचा विचार करत असतील.

बाहेर येऊन त्यांनी तिलाच पहिल्यांदा विचारलं, "नलू, कसं वाटते?"

"बरं आहे मामाजी. आत्याबाईले दवाखाना जवळ पडन."

"मले तं पायीपायी नेता येईन," वच्छलाबाई म्हणाल्या. इथे मात्र त्या उतरल्या होत्या. विहिरीच्या कठड्याला टेकून त्यांनी दम घेतला. "कोणाच्या गाडीची वाट नाई पाहा लागत."

"आई, पण बाकीच्यांचंही पाहायला पाहिजे ना," मोहिनी म्हणाली. ती वर्ध्याच्या एका शाळेत शिकवायची आणि घरातही शाळेतलीच मराठी बोलायची. "काजलची शाळा, माझी शाळा, ह्यांची बँक, सगळं त्या टोकाला. रोज दोन वेळा सगळं वर्धा ओलांडून जायचं का?"

"तुमी तं आताही गावाहून जाताच," वच्छलाबाई म्हणाल्या.

"म्हणूनच तर सोडतोय ना गाव!"

अंकुश फोनवर बोलत लांब गेला. आई आणि बायको यांच्यामध्ये उभं राहायची वेळ आली की त्याला नेहमी कोणाचा तरी फोन यायचा.

*

पिपरी मेघेचं घर नवंकोरं होतं. पांढऱ्या चकचकीत टाइल्स, सैपाकघरात काळा ओटा, छतावर जायला आतूनच जिना. गल्लीत सगळी नोकरदार माणसं. कोपऱ्यावर ट्यूशन क्लासची पाटी. सांदवाडी नव्हतीच. मागची भिंत शेजारच्या भिंतीला लागली होती.

मोहिनीनं नलूचा हात धरला आणि तिला कोपऱ्यातल्या खोलीत नेलं. दोन खिडक्या होत्या. भिंतीत कपाट होतं, त्याला आरसा लावलेला. नलूला त्यात आपण दिसलो. डोक्यावरून पदर, उन्हानं काळवंडलेला चेहरा, मनगटापर्यंत वांग्याच्या काट्यांचे ओरखडे.

"ताई, ही तुमची आणि गुंजनची," मोहिनी म्हणाली.

देवानंद गेल्यापासून नलू गावच्या घरात मधल्या खोलीत निजायची. ती खोली कसली, जाण्यायेण्याची वाटच. एका बाजूला बियाण्यांच्या थैल्या, दुसऱ्या बाजूला फवारणीचा पंप. रात्री कोणी पाणी प्यायला उठलं की तिच्या उशाशी पाय वाजायचे. कडी लागणारं दार तिच्या वाट्याला बारा वर्षांत आलं नव्हतं.

"इकडून सकाळचं ऊन येते," गुंजन खिडकी उघडून म्हणाली. "इथं माहा टेबल. अभ्यासाले कोणी डिस्टर्ब नाई करणार." तिचे डोळे असे चमकत होते की नलूनं नजर बाजूला केली.

"पण बाबा त्या वरूडवर अडकले आहेत," मोहिनीनं आवाज खाली आणला. "मी बोलले तर म्हणतील, सुनेला आपलंच पडलंय. तुम्ही बोललात तर ऐकतील. ताई, आपण दोघींनी इतकी वर्षं त्या घरात काढली. आता तरी जरा माणसांसारखं राहू."

आपण दोघींनी. असं मोहिनी या घरात आल्यापासून कधी म्हणाली नव्हती.

"पण आत्याबाईले लांब पडन," नलू म्हणाली.

"गाडी घेतोय ना आपण! हे नेतील, आणतील. दहा-पंधरा मिनिटांचा तर रस्ता."

नलूच्या मनात काहीतरी टोचलं. विहिरीला टेकून दम घेणारी म्हातारी डोळ्यांसमोर आली. पण गुंजन खिडकीतून बाहेर वाकून काजलला काहीतरी दाखवत होती, तिच्या वेणीवर ऊन पडलं होतं, आणि नलूनं ते टोचणं आतल्या आत दाबून टाकलं. आयुष्यभर दुसऱ्याच्या सोयीचं पाहिलं, एकदा आपलं पाहिलं तर काय बिघडलं, असं तिनं स्वतःला सांगितलं.

मनोहरराव फाटकाजवळ उभे होते, गल्लीकडे पाठ करून.

"मामाजी," नलू म्हणाली, "मले वाटते, हेच घ्यावं."

म्हाताऱ्यानं वळून पाहिलं. "हे?"

"पोरीइच्या शाळा-कॉलेजाले बरं आहे. घर नवं आहे, दुरुस्तीची कटकट नाई. त्या वरूडच्या घरात दोनच तं खोल्या. एवढी माणसं कुठी मावतीन?"

"मांगं दोन खोल्या हायेत ना."

"त्या तं तुटक आहेत मामाजी. घरापासून वेगळ्या, दार वेगळं. तिथं कोण राहीन?"

मनोहररावांनी तिच्याकडे पाहिलं. त्यांना काहीतरी म्हणायचं होतं, पण ओठ हलले नाहीत. या माणसाची ही जुनी खोड होती. वावरातल्या गोष्टी तो सांगून-विचारून करायचा, माणसांच्या गोष्टी मात्र मनातल्या मनात ठरवून ठेवायचा, आणि बाकीच्यांना त्या आपोआप कळाव्यात अशी त्याची अपेक्षा असायची.

"तुले असं वाटते?" त्यांनी एवढंच विचारलं.

"हो."

"ठीक हाय." ते अंकुशकडे वळले. "घेऊन टाक हे. नलूची पसंती हाय."

मोहिनीनं जिन्यावरून ऐकलं आणि नलूकडे पाहून हसली. अंकुशनं तिथेच घरमालकाला फोन लावला, आणि अर्ध्या तासात इसारही देऊन टाकला.

*

जेवायला शालूकडे जायचं आधीच ठरलं होतं. शालूनं पाटोडीचा रस्सा केला होता, पोळ्या, वरण-भात, आणि आईसाठी वेगळं, बिनमिठाचं. घर ठरलं, तेही सिंदीत नाही, म्हणून ती मोकळ्या मनानं वाढत होती. वच्छलाबाई पलंगावर बसून चार घास खात होत्या. बाकीचे खाली, भिंतीला टेकून.

"मंग खोल्या कशा कशा?" शालूनं विचारलं.

"एक आई-बाबांची," मोहिनी म्हणाली, "एक आमची. आणि कोपऱ्यातली गुंजन-काजलची. गुंजन काजलचा अभ्यासही घेईल."

नलूला वाटलं, मोजण्यात आपण सुटलो. खोली मोठी आहे, तिघी मावतील. ती पोळीचा तुकडा रश्श्यात बुडवत होती. तेवढ्यात शालूनं तिच्या ताटात आणखी एक पोळी टाकली आणि सहज म्हणाली, "मंग वयनी, तू एकटीच का गावाले? भेव नाई वाटणार तुले?"

नलूचा हात ताटातच राहिला.

शालूला लगेच कळलं की आपण काहीतरी उघडं केलं. तिनं भावाकडे पाहिलं. अंकुश खाली मान घालून भात कालवत होता.

"एकट्या कशा?" मोहिनी घाईनं म्हणाली. "शनिवार-रविवार आम्ही जाणारच आहोत. आणि ताईंना करमेल का इथे? त्यांचा जीव तिकडे वावरात."

"कोण म्हटलं, मी गावाले राहीन?" नलूनं विचारलं.

मग ती मोहिनीकडे वळली.

"मोहिनी, तू म्हटलं ना, ही खोली तुमची अन् गुंजनची?"

"हो, म्हणजे तुम्ही आलात की तिथेच राहायचं. ती तुमचीच खोली आहे ताई. मी खोटं कशाला बोलू?"

"पाहुणी आली की."

"असं कशाला धरता?"

"वयनी," अंकुशनं शेवटी मान वर केली, "वावर कोण पाहीन? भाजीपाल्याचं काम आहे, एक दिवस नजर हटली की गेलं. तुमच्याशिवाय कोणाले जमते? घर त्यावर चालते, आईचं औषधपाणी त्यावर चालते. आम्ही दिवाळीपासून हेच धरून चाललो. आमाले वाटलं, तुमालेही माहीतच आहे."

"कोण सांगतलं मले?"

"सांगाचं काय त्यात? समजूनच घ्याचं असते घरात."

नलूनं गुंजनकडे पाहिलं. पोरगी ताटातल्या कांद्याच्या फोडी एकावर एक रचत होती.

"गुंजन, तुले माहीत होतं?"

गुंजननं आणखी एक फोड रचली.

"तुले इचारून राह्यली मी."

"काकू म्हणाली होती," गुंजन हळूच म्हणाली. "पण आई, तू रविवारी येशीन ना. अन् मी येत जाईन सुट्टीत. देवळीहून बसा किती आहेत..."

"तू राह्यजो मायासंग. देवळीच्या कॉलेजात जाजो."

गुंजननं मान वर केली. डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज पक्का होता. "नाई आई. मले इथं राहाचं आहे. मले नाई राहाचं तिथं."

त्या 'तिथं' मध्ये मधली खोली होती, फवारणीचा पंप होता, वांग्याचे ओरखडे होते, आणि नलूही होती. नलूनं ते सगळं ऐकलं. पोरीनं वाईट काही म्हटलं नव्हतं. तिनं स्वतः आज पिपरीच्या खोलीत उभं राहून नेमकं हेच म्हटलं होतं, फक्त मनातल्या मनात.

पलंगावरून वच्छलाबाईंचा आवाज आला. "म्हणूनच तं ते वरूडचं पाहत होते."

"आई, जाऊ दे," अंकुश म्हणाला.

"काऊन जाऊ दे? तिले समजू दे." म्हातारीला दम लागला. ती थांबून थांबून बोलू लागली. "तुये मामाजी म्हणत होते, वरूडचं घर भेटलं तं मांगच्या दोन खोल्या नलूले. तिचं दार वेगळं, तिची चूल वेगळी, कोणाच्या पायात नाई. सांदवाडीत काईबाई लावन. अन् वावर देऊन टाकू ठेक्यानं. हे दोघं नाई म्हणत होते. तू वावरात गेली का रोज भांडण होये याईचं. तुया मामाजीनं सांगतलं, नलूले दाखवू. तिले पसंत पडलं तं तेच घ्याचं." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "अन् तूच म्हटलं, तिथं कोण राहीन म्हणून."

नलूला म्हाताऱ्याची ती नजर आठवली, फाटकाजवळची. कडी लावून पाहणारा हात आठवला.

"मामाजी," ती म्हणाली, "तुमी मले सांगतलं काऊन नाई?"

मनोहररावांनी ताटात हात धुतला. "विचारलं ना म्या तुले."

"तुमी खोल्याइचं विचारलं. मायं नाई विचारलं."

"म्या म्हटलं, मांगं दोन खोल्या हायेत. तू म्हटलं, तुटक हायेत. म्या समजलो, तुले नाई राहाचं आमच्याजवळ."

"मंग आता सांगते. मले राहाचं आहे. वरूडचं घ्या."

"आता कसं होईन वयनी?" अंकुश म्हणाला. "इसार देल्ला."

"बाबांनी शब्द दिलाय त्यांना," मोहिनी म्हणाली. "आणि पसंती तुमचीच होती. सगळ्यांसमोर."

ते खरं होतं. वावराबाहेर नलूचं वजन एकदाच कामी आलं होतं, आणि तिनं ते स्वतःच्याच दारावर टाकलं होतं.

"मामाजी, तुमी बोला."

मनोहरराव पाण्याचा घोट प्याले. मग म्हणाले, "देल्ला शब्द म्या कधी मांगं घेतला नाई." त्यांच्या आवाजात राग नव्हता. दुखावलेपण होतं, आणि ते रागापेक्षा जास्त घट्ट होतं. आपण न बोलता केलेलं मोठं मन हिनं सगळ्यांसमोर लाथाडलं, असं त्यांनी धरून ठेवलं होतं. तिची चूक नव्हती हे कळूनही त्यांना ते सोडता येत नव्हतं.

शालू वाढायची पळी हातात धरून तशीच उभी होती. "वयनी, तू माया घरी येत जाय," ती म्हणाली.

नलूनं ताट पुढे सरकवलं. उठली, मोरीत जाऊन हात धुतले, चूळ भरली आणि परत येऊन दारात उभी राहिली. डोक्यावरचा पदर सावरला.

"ठीक आहे. मी राहीन गावाले," ती म्हणाली.

मोहिनीनं सुटकेचा निःश्वास सोडला.

"पण सून म्हणून राखणीले बसणार नाई. वरूडले गेलो असतो तं वावर ठेक्यानं देणारच होते तुमी. मंग मले द्या. गावात जो भाव चालते, त्या भावानं. वर्साचा ठेका तुमाले भेटन. बाकी काय लावाचं, कुठी इकाचं, कोणाले द्याचं, ते माहं मी पाहीन."

"घरातल्या घरात ठेका?" अंकुश हसला. "लोक तोंडात शेण घालतीन आपल्या."

"घरातल्या घरात? कोणत्या घरात भाऊजी? पिपरीच्या घरात तं मी नाई."

अंकुशचं हसू गेलं. "अन् दादाचा हिस्सा आहे त्यात, तोही काढान आता."

"हिस्सा म्या मांगितला नाई," नलू म्हणाली. "अजून."

त्या एका शब्दानं खोली गार पडली. मोहिनी नवऱ्याकडे पाहू लागली, नवरा बापाकडे. गुंजन रडत होती, पण आवाज न करता. काजल तिला चिकटून बसली होती.

"आई, असं नको करू," गुंजन म्हणाली.

"तुयासाठी काईच नाई बदललं. तू जा. चांगलं शिक." नलूनं पोरीकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर ती पुढचं बोलू शकली नसती. "मामाजी, हो म्हणा का नाई म्हणा. पण तोंडानं म्हणा. यावेळी समजून नाई घेणार मी."

मनोहरराव भिंतीला हात टेकवून उठले. त्यांना उठताना नेहमी नलूच हात द्यायची. आज ती दारातून हलली नाही. ते तिच्या बाजूनं बाहेर ओट्यावर गेले आणि तिथूनच, तिच्याकडे न पाहता म्हणाले, "हो."

*

सामान हलवायचा दिवस पौषात टाळला आणि संक्रांतीनंतर काढला. मधल्या दिवसांत म्हातारा नलूशी बोलला नाही. सकाळी वावरात यायचा, धुऱ्याच्या बांधावर उभा राहायचा, फुलकोबीकडे पाहायचा आणि परत जायचा. पाणी लागलं तर तो गुंजनला हाक मारायचा. ठेक्याचा कागद झाला, अंकुशनंच केला, दोन्हीकडे सही-अंगठा झाला. तेव्हाही सासऱ्यानं सुनेकडे पाहिलं नाही.

वच्छलाबाई मात्र रोज तिला जवळ बोलवायच्या आणि तिचा हात हातात घेऊन बसायच्या. "तिकडून मले दवाखान्यात न्याले कोण वेळेवर येईन, देव जाणे," त्या एकदा म्हणाल्या. नलूनं त्यांचे सुजलेले पाय मांडीवर घेतले आणि चेपत राहिली.

त्या सकाळी ट्रक अंगणात लागला. पलंग, कपाटं, भांडी, काजलची सायकल चढली. मधल्या खोलीतल्या बियाण्यांच्या थैल्या आणि पंप तेवढा राहिला. शेजारपाजारच्या बाया जमल्या, त्यांनी वच्छलाबाईंना हळद-कुंकू लावलं. गुंजन आईच्या गळ्यात पडली. नलूनं तिच्या पाठीवरून हात फिरवला, "पोचली का फोन करजो," म्हणाली, आणि तिला सोडवून घेतलं.

नलूनं पहाटेच भाजीचा तोडा केला होता. ओसरीवर वांग्यांची, पालकाची, सांबाराची पोती ओळीनं देवळीच्या टेम्पोची वाट पाहत होती.

मोहिनी गाडीत बसता बसता थांबली. एक मोठी पिशवी घेऊन ती ओसरीवर आली आणि सवयीनं पोत्यात हात घातला.

"दोन दिवसांपुरती भाजी घेते बाबा," ती सासऱ्याकडे वळून म्हणाली. "तिकडे बाजार कुठे असतो, काही माहीत नाही अजून."

गाडीच्या दारात हात ठेवून मनोहरराव उभे होते. त्यांनी पोत्यांकडे पाहिलं, मग कितीतरी दिवसांनी नलूकडे. नलूला वाटलं, आता हे म्हणतील, घे ना, आपलीच आहे. तिचे डोळे भरून आले, आणि ते एवढं म्हणाले असते तर तिनं कागद फाडून चुलीत घातला असता.

"मले काय विचारते?" ते मोहिनीला म्हणाले. "त्याईले विचार. माल त्याईचा हाय."

मग ते नलूसमोर आले, आणि जसं बाजारातल्या अडत्याशी बोलावं तसं, हात जोडून, मान तुकवून म्हणाले, "येतो आमी. तुमी सांभाळून राहा, बाई."

वीस वर्षांत त्यांनी तिला कधी 'तुमी' म्हटलं नव्हतं.

मोहिनीचा हात पोत्यातच होता. नलूनं तिच्या हातातली पिशवी घेतली, खाली बसली आणि वांगी निवडून निवडून भरू लागली. किडकी बाजूला, कोवळी पिशवीत. वरून पालकाच्या जुड्या ठेवल्या, सांबार ठेवला, पिशवीचं तोंड बांधलं. ती नेऊन गाडीत वच्छलाबाईंच्या पायाशी ठेवली.

"जपून न्याजो," ती म्हणाली. "दबते."

गाडी गेली, तिच्यामागून ट्रक गेला. नलू ओसरीवर येऊन उरलेल्या पोत्यांची तोंडं शिवायला बसली. टेम्पो यायची वेळ झाली होती.